२४ मुलं, दोन ताई, मिश्र वयोगट: दिवस बसवायचा कसा?

पारंबी

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला एका बंगल्याच्या तळमजल्यावर जूनपासून पहिली ते तिसरीचा एकत्र वर्ग सुरू होतोय. मराठी माध्यम, २४ मुलं, वय ६ ते ९. दोन पूर्णवेळ ताई, आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा एक दादा. जागा म्हणजे साधारण २५ बाय १८ फुटांची मोठी खोली, एक लहान खोली, स्वयंपाकघर आणि मागे ३० बाय २० फुटांचं अंगण. माती काळी. नळ दोनच. मान्यता मूळ संस्थेची आहे, तो प्रश्न नाही.

बालकेंद्री शिक्षणाची तत्त्वं आम्हाला पाठ आहेत, कृपया ती नकोत. साडेआठला दार उघडल्यापासून मुलं घरी जाईपर्यंत कोणी काय करायचं, ते हवंय. सराव-वर्गात असं दिसलं की 'निवडीचं काम' म्हटलं की पहिली वीस मिनिटं छान जातात, मग पाच-सहा जण नुसते हिंडतात आणि दोघं-तिघं कशालाच हात लावत नाहीत. एकदा आवराआवर सुरू झाली की वर्ग हातातून सुटतो तो सुटतोच. स्वयंपाक आणि बाग आठवड्यातून किती वेळा झेपेल? जाणकारांनी सांगावं.

खडूफळा

तुमचा वर्ग निवडीच्या वेळात बिघडत नाहीये, ती वेळ संपताना बिघडतोय. एका कामातून दुसऱ्या कामात जायच्या पाच-सात मिनिटांना आमच्याकडे 'सांधा' म्हणतात. दिवसात दहा सांधे आले तर तासभर त्यातच जातो, आणि ताईंचा आवाज चढतो तोही तिथेच. म्हणून दिवस आखताना आधी सांधे मोजा. सहाच्या वर जाऊ देऊ नका. पस्तीस मिनिटांच्या तासिका केल्या की हे गणित कोसळतं. लहान मुलाला कामात शिरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, उरलेल्या विसात रंगायला लागलं की तुम्ही घंटा देता.

एक सांगाडा देतो, तुमच्या सोयीने बदला.

८:३० ते ८:५० येणं. रांग नको. दाराशी २४ खिळे, प्रत्येकावर नावाची पाटी उलटी टांगलेली. मूल आलं की आपली पाटी सुलटी करतं. ८:५० ला उलट्या पाट्या मोजल्या की हजेरी होते आणि वजाबाकीही. पहिलीच्या मुलांच्या पाटीवर नावाशेजारी चित्र ठेवा, दिवाळीनंतर चित्र काढून टाका. या वीस मिनिटांत फक्त पुस्तकं आणि कोडी बाहेर. रंग, माती अजिबात नाही, नाहीतर दिवसाची सुरुवातच फडक्याने होते.

८:५० ते ९:१० गोल. गोलात रोज सगळ्यांना बोलायला लावू नका. एकेक मिनिट धरलं तरी २४ मिनिटं, आणि सहा वर्षांचं मूल तोवर सतरंजीचे धागे उपसायला लागतं. रोज पाच जणांची पाळी ठेवा, आठवड्यात सगळी होतात. एक गाणं, पाच जणांचं बोलणं, आज काय काय आहे ते फळ्यावर चित्रांसकट. संपलं.

९:१० ते १०:२५ पहिला लांब तास, भाषा आणि गणित. इयत्तांचे तीन गट पाडू नका. वाचन कुठवर आलंय आणि संख्या कुठवर आलीय यावरून सहा-सहाचे चार गट करा. ते दोन्हींसाठी वेगळे असतील आणि महिन्याने बदलतील. प्रत्येक ताईने एका गटाला २५ मिनिटं शिकवायचं, तेव्हा उरलेली बारा मुलं स्वतंत्र कामात. मग अदलाबदल. सुरुवातीची दहा मिनिटं मांडामांडीला, शेवटची पंधरा अर्धवट राहिलेलं पुरं करायला. स्वतंत्र कामात नवीन काही देऊ नका, हे फार महत्त्वाचं. नवीन दिलं की दर दोन मिनिटांनी 'ताई, हे कसं?' येतं आणि शिकवणारा गट मोडतो. अडलं तर आधी शेजारी, मग तिसरीतलं कोणी, मग ताई, हा क्रम पहिल्या आठवड्यापासून पक्का करा.

१०:२५ डबा, १०:५५ खेळ, ११:२० ते १२:३० दुसरा लांब तास. सोमवार, मंगळवार, गुरुवार मुलांच्या निवडीचं काम, बुधवारी बाग, शुक्रवारी प्रकल्प किंवा बाहेर फेरी. १२:३० आवराआवर. १२:४५ गोष्ट. १:०५ निरोप, १:१५ ला सुट्टी. गोष्ट आवराआवरीनंतर ठेवण्यात एक लबाडी आहे. रेंगाळणाऱ्यांना मागे लागावं लागत नाही, गोष्ट सुरू झाल्याचा आवाज आला की हात आपोआप चालतात. आठवड्यातून तीन दिवस तरी गोष्ट पुस्तकातून मोठ्याने वाचा. छापील मराठी बोलण्यापेक्षा वेगळी असते, ती कानावर पडलेली नसली तर वाचताना मूल अडखळतं.

सांध्यांसाठी घंटा नको, चिपळ्या ठेवा. दहा मिनिटं आधी एक मूल 'दहा मिनिटं' लिहिलेली पाटी घेऊन वर्गातून फिरतं, बोलत नाही. मग चिपळ्या. सगळ्यांना एकदम उठवू नका, आधी लहान. आणि पुढच्या कामाचं सामान आधीच मांडलेलं हवं. ताई काही शोधायला कपाटाकडे वळली की वर्ग गेला म्हणून समजा.

दोन नळांचं पाहा. २४ मुलं, प्रत्येकी अर्धं मिनिट, म्हणजे सहा मिनिटं रांग आणि रांगेत ढकलाढकली. अंगणात तोटीच्या दोन बादल्या स्टुलावर ठेवल्या की काम निम्म्यावर येतं.

हिशेबवही

खडूफळा, सांगाडा चांगला आहे, पण बेरीज चुकते. ८:३० ते १:१५ म्हणजे पावणेपाच तास. डबा आणि खेळाची ५५ मिनिटं वजा केली की ३ तास ५० मिनिटं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० अध्यापन तास आहेत. तुमच्या हिशेबाने २०० दिवसांत ७६६ तासच भरतात. सुट्टी दीडला करा, रोजचे ४ तास ५ मिनिटं होतात, वर्षाचे ८१६. ती पंधरा मिनिटं आवराआवरीला द्या, तिथे कमी पडणारच आहेत.

दिवसांचाही हिशेब आधी करा. पाच दिवसांचा आठवडा ठेवला, उन्हाळ्याचे सहा आणि दिवाळीचे दोन आठवडे काढले, तर ४४ आठवड्यांचे २२० दिवस उरतात. सणवाराच्या पंधरा-वीस सुट्ट्या गेल्या की २०० ला टेकता. एक-दोन दिवस पावसाने खाल्ले की खाली. महिन्यातला एक शनिवार सहलीसाठी राखून ठेवा, तो कामाचा दिवस धरता येतो.

शाडूमाती

हिंडणाऱ्या मुलांबद्दल. हिंडणं हे बहुतेक वेळा जागांच्या हिशेबाचं दुखणं असतं. २४ मुलांना बरोबर २४ जागा असतील तर शेवटच्या पाच-सहा जणांना निवड उरतच नाही, त्यांना उरलेलं मिळतं. मुलांपेक्षा पाव पट जास्त जागा हव्यात, म्हणजे ३०. उदाहरणार्थ चित्र ४, ठोकळे ४, वाचन ६, माती ४, कोडी ४, शिवण ४, वजन-माप ४. प्रत्येक कोपऱ्याला एक पुठ्ठा, त्यावर जागा असतील तितके ठिपके. प्रत्येक मुलाचा नाव लिहिलेला कपड्यांचा चिमटा. ठिपक्यावर चिमटा लावायचा आणि बसायचं, ठिपके भरले की दुसरीकडे. भांडणं निम्मी होतात, कारण 'मी आधी आलो' याचा पुरावा पुठ्ठ्यावर असतो.

दुसरं कारण अपुरं सामान. रंग आहेत पण पाण्याची वाटी नाही, वाटी आहे पण फडकं नाही, मग मूल उठतं आणि उठलेलं मूल परत येत नाही. एका कामाचं सगळं सामान एका ताटात हवं. रंगकामाचं ताट: दोन ब्रश (एक जाड, एक बारीक), रंगांची डबी, जड बुडाची वाटी, सुती फडकं, चार कागद. प्लास्टिकचा ग्लास ठेवू नका, कोपर लागलं की सांडतो. फडताळाची वरची फळी साडेतीन फुटांच्या वर नको, मुलाला ताटात काय आहे ते दिसलं पाहिजे, नुसती कड नाही. दर सोमवारी दोनच ताटं बदला. सगळी बदलली तर जे अर्धवट राहिलंय त्याकडे मूल परत जाऊ शकत नाही.

महागडं साहित्य घ्यायची गरज नाही. ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांच्या साथीने १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, त्या बिया, शंख, पानं, काड्या यांवरच. चिंचोके, सागरगोटे, झाकणं, मापाची फुलपात्रं एवढ्यावर वर्षाचं निम्मं गणित निघतं.

कशालाच हात न लावणारी मुलं: पहिले दहा दिवस सोडून द्या. बघत राहणं हेही कामच असतं, डोळे कुठे जातात ते लिहून ठेवा. नंतर 'काय करायचंय?' विचारू नका, दोन ताटं पुढे ठेवून 'यातलं कुठलं?' विचारा. तिसऱ्या आठवड्यातही तसंच असेल तर तीन गोष्टी पाहा. नीट दिसतं-ऐकू येतं का, रात्री किती वाजता झोपतं, आणि घरी कुठली भाषा आहे. नाशिकला घरी अहिराणी किंवा हिंदी बोलणारी मुलं प्रत्येक वर्गात निघतात. 'निवड', 'कोपरा', 'आवर' हे शब्दच त्यांना कळलेले नसतात आणि आपण त्याला अबोलपणा म्हणतो.

मातीकामाचं थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे. शाडू आदल्या रात्री भिजत घाला, सकाळी वरचं पाणी ओतून टाका आणि हाताला चिकटणार नाही इतपत मळा. २४ मुलांना एकदम देऊ नका, चार जागा, प्रत्येकी साधारण अर्धा किलोचा गोळा. उरलेली माती ओल्या गोणपाटात गुंडाळून झाकणाच्या बादलीत. मार्च-एप्रिलमध्ये नाशिकच्या कोरड्या हवेत ती दोन दिवसांत दगड होते, गोणपाट रोज भिजवावं लागतं. वस्तूंना तडे जातात त्याची कारणं दोन: उन्हात वाळत घालणं, आणि भरीव जाडी. अंगठ्यापेक्षा जाड भाग असेल तर आतून पोकळ करायला सांगा. सावलीत, वर वर्तमानपत्र टाकून चार-पाच दिवस वाळू द्या. हत्तीचे पाय आणि सोंड निखळतात, कारण जोडताना नुसतं दाबलेलं असतं. दोन्ही बाजूंना काडीने रेघा मारून मातीचंच घट्ट पाणी लावून जोडायचं. आणि मातीचे हात नळाखाली कधीच नाही. आधी बादलीत, मग नळाला. नाहीतर पावसाळ्यात मोरी तुंबते आणि प्लंबर शाळेचा नेहमीचा पाहुणा होतो. बादलीच्या तळाशी बसलेली माती परत वापरता येते.

सुतारकाम दादा असेल त्या दिवशीच, एका वेळी तीन मुलं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांबाहेर पाइनची पॅलेट मिळतात, ते मऊ लाकूड लहान हातांना बरं. पण शिक्का बघून घ्या: 'एचटी' असेल तर लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं असतं, ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची प्रक्रिया, ते घेऊ नका. शिक्का नसलेलं किंवा तेलकट डागाचंही नको. २०० ग्रॅमची हातोडी, सव्वा इंची खिळे. खिळा बोटाने धरायचा नाही, कपड्यांच्या चिमट्यात धरायचा.

लालमाठ

स्वयंपाक आठवड्यातून एकदा, त्याहून जास्त नको. बुधवारी सहा जणांचा गट, म्हणजे चार आठवड्यांत प्रत्येकाची पाळी. एक ताई या सहांबरोबर अडकते, दुसरीकडे अठरा मुलं उरतात, म्हणून दादाचा एक दिवस बुधवार ठेवा किंवा एखाद्या पालकाला बोलवा.

पहिले दोन महिने विस्तव नको. भेळेने सुरुवात करा. २४ मुलं आणि तीन मोठी माणसं धरून: चुरमुरे १ किलो, उकडलेले बटाटे १ किलो, कांदे पाऊण किलो, टोमॅटो पाऊण किलो, शेव ४०० ग्रॅम, २०० ग्रॅम चिंच आणि २५० ग्रॅम गूळ यांची चटणी (ती आदल्या दिवशीच). तिखट वेगळं, ज्याचं त्याने घ्यायचं. कालवायची तीन खेपांत, वाढायच्या अगदी आधी. एकदम कालवली तर शेवटच्या आठ जणांना लगदा मिळतो आणि तेच आठ जण घरी जाऊन सांगतात. जमलं की मग पोहे: दीड ते पावणेदोन किलो पोहे, एक किलो कांदे, २०० ग्रॅम शेंगदाणे. शेंगदाण्याची कोणाला ॲलर्जी आहे का, हे प्रवेशाच्या फॉर्मवरच विचारून ठेवा.

वेळ चुकते ती चिरण्यात. सहा मुलांना एक किलो कांदा चिरायला चाळीस मिनिटं सहज लागतात, मग डबा लांबतो आणि अख्खा दिवस घसरतो. म्हणून हा गट ९:१० लाच स्वयंपाकघरात, गोलातून थेट. विळी नको. सहा वर्षांच्या मुलांना लोणी लावायची बोथट सुरी आणि उकडलेला बटाटा, सात वर्षांच्यांना बारीक दात्यांची सुरी आणि काकडी, कांदा आठच्या पुढे. तोही मोठ्या माणसाने अर्धा करून, सपाट बाजू खाली ठेवून द्यायचा. गोल कांदा सुरीखालून निसटतो. फळीखाली ओलं फडकं घातलं की फळी हलत नाही. विस्तवाला सुरुवात केली की स्टुलावर उभं राहून उंच ओट्यावर काम नको. कमी उंचीच्या भक्कम टेबलावर इंडक्शन शेगडी ठेवा, वायर भिंतीच्या बाजूला.

यात गणित आपोआप येतं असं म्हणतात, पण तसं होत नाही, ते काढावं लागतं. सोमवारी तिसरीतल्या दोघांनी 'सहा जणांना इतकं, तर सत्तावीस जणांना किती' हे काढायचं. मंगळवारी भाजी आणायची. कांद्याचा भाव हा तर आपला घरचा विषय: लासलगावचा भाव वर्तमानपत्रात क्विंटलला येतो, भाजीवाला किलोला सांगतो. १०० ने भाग, फरक किती, का? एका तक्त्यावर आठवड्याला दोन आकडे लिहीत गेलात तर मार्चपर्यंत आलेख तयार.

आता बाग. ३० बाय २० मध्ये सगळं खणू नका, खेळायला जागा ठेवा. ३ फूट रुंद आणि ८ फूट लांब असे चार वाफे पुरे. तीनपेक्षा रुंद केला की मुलाचा हात मधोमध पोचत नाही आणि ते वाफ्यात पाय देतं. काळी माती पावसात चिकटते, पाणी धरते, मुळं कुजतात. वाफे अर्धा फूट उंच करा, प्रत्येकात तीन-चार घमेली कुजलेलं शेणखत आणि तेवढंच भाताचं तूस. तूस इगतपुरीकडच्या भात गिरण्यांवर मिळतं.

जूनच्या शेवटी भेंडी आणि गवार, कुंपणाला दोडका. भेंडी यायला ४५ ते ५० दिवस, इतका धीर पहिलीला नसतो, म्हणून त्याच दिवशी काचेच्या ग्लासात ओल्या कापसावर मूग घाला, तिसऱ्या दिवशी मोड. मेथी पावसाळ्यात लावू नका, सडते आणि मुलांना वाटतं आपलं चुकलं. पाऊस ओसरला की मेथी, मुळा, लाल माठ. मेथी महिन्याभरात निघते, दिवाळीच्या सुट्टीआधी काढून होईल अशी तारीख मोजून पेरा. दिवाळीनंतर पालक, गाजर, वाटाणा, कांद्याची रोपं. एप्रिलनंतर काही नाही, वाफ्यांवर पालापाचोळा पसरून ठेवा.

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती पाण्याच्या अतिरेकाने, तहानेने नाही. चोवीस जण प्रेमाने पाणी घालतात. एका वाफ्याला एका आठवड्यासाठी एकच जोडी, एक मोठा आणि एक लहान. बोट पेराइतकं मातीत घालायचं, ओलं लागलं तर आज पाणी नाही.

पारंबी

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून भिंतीवर लावलंय. दोन गोष्टी राहिल्या. वाचन आणि संख्या यांचं नेमकं काय करायचं, कारण पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो, 'पुढे दुसऱ्या शाळेत जमेल ना?' आणि परीक्षा नाही तर नोंदी कशा ठेवायच्या? शिवाय भांडणं. शुक्रवारी मुलांची सभा घ्यावी म्हणतोय.

काना-मात्रा

वाचन अ-आ-इ-ई पासून सुरू करू नका. मुळाक्षरांचा क्रम कोशात शोधायला उपयोगी, वाचायला शिकताना नाही. ज्यातून लगेच शब्द होतील अशी पाच अक्षरं घ्या: क, म, ल, न, र आणि सोबत काना. एवढ्यातून काका, मामा, नाना, कान, नाक, काम, रान, लाल, काल, मला, नमन, कमाल असे शब्द आणि 'काका, काम कर' असं अख्खं वाक्य होतं. पहिल्या पंधरवड्यात वाक्य वाचलेलं मूल पुढे थांबत नाही. नंतर दर आठवड्याला दोन-तीन अक्षरं. घ आणि ध, भ आणि म यांच्यात दोन आठवड्यांचं तरी अंतर हवं. एकदम शिकवली की गोंधळ वर्षभर पुरतो. ह्रस्व-दीर्घ वाचताना दोन्ही ओळखू द्या, पण लिहिताना पहिल्या वर्षी लाल शाई नको. उच्चारात तो फरक आपण मोठी माणसं तरी कुठे नीट पाळतो?

याच्याबरोबरीने रोज एका मुलाचं बोलणं त्याच्याच शब्दांत पट्टीवर लिहायचं. अहिराणीत बोललं तर अहिराणीत लिहा, खाली मराठीत. पट्ट्या दोरीला टांगा. आपलं वाक्य मूल पाठ म्हणतं, वाचत नाही, अशी शंका येईल. मग पट्टीचे शब्द कापून उलटसुलट करा आणि लावायला द्या.

संख्येत मराठीची स्वतःची अडचण आहे. तेवीस म्हणताना तीन आधी, लिहिताना दोन आधी. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस. म्हणून ६२ ऐवजी २६ लिहिणारं मूल कच्चं नसतं, ते ऐकलं तसं लिहीत असतं. २०१९ मध्ये दुसरीच्या बालभारतीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण वर्गात दोन्ही चालवायला काय हरकत आहे? 'दोन दशक तीन, तेवीस' असं जोडीने म्हणा. सोबत काड्या. चार मुलांत १०० काड्यांचा एक संच, असे सहा संच, रबरबँड. आयते बांधलेले गठ्ठे देऊ नका, दहा मोजून गठ्ठा मुलाने स्वतः बांधायचा आणि वजाबाकीत स्वतः सोडायचा. हातचा तिथे कळतो, फळ्यावर नाही. खराट्याच्या काड्या टोचतात, आइस्क्रीमच्या बऱ्या.

पालकांना खरं ते सांगा. पहिलीच्या दिवाळीत शेजारच्या शाळेतलं मूल १०० पर्यंत अंक लिहीत असेल, तुमचं कदाचित नसेल. तिसरीच्या अखेरीस मजकूर वाचून स्वतःच्या शब्दांत सांगणं, तीन अंकी बेरीज-वजाबाकी आणि पाढे (समजून आणि पाठही) एवढं झालंच पाहिजे. तिसरीच्या दुसऱ्या सत्रात महिन्यातून एकदा वेळ लावून लेखी पेपरही घ्या, नुसती ओळख म्हणून. महाराष्ट्रात २०२३ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेचा नियम पुन्हा आलाय, त्यामुळे 'आमच्याकडे परीक्षाच नाही' हे वाक्य पाचवीपर्यंतच टिकतं.

सभा जरूर घ्या, पण अर्धा तासच. भिंतीवर एक कागद, आठवडाभर मुलं त्यावर विषय लिहितात किंवा चित्र काढतात. त्यातले तीनच घ्यायचे. जे भांडण सोमवारी होऊन मंगळवारी मिटलं ते शुक्रवारी उकरू नका. एक सावधगिरी: शिक्षा ठरवायचं काम मुलांवर सोडलं तर ती मोठ्यांपेक्षा कडक शिक्षा सुचवतात, 'आठवडाभर कोणी बोलायचं नाही' वगैरे. शिक्षा हा विषयच बाहेर ठेवा. प्रश्न एकच, बिघडलं ते नीट कसं करायचं. नियम पाचाच्या वर नकोत, नाहीतर त्यांची पोलिसगिरी करण्यातच दोन-तीन जण रमतात.

हिशेबवही

नोंदींचं: दोन ताई, प्रत्येकीकडे १२ मुलं. रोज तिघांची नोंद, चार दिवसांत बारा, शुक्रवार राहिलेल्यांसाठी. विशेषण लिहायचं नाही. 'गणितात हुशार' याचा सहा महिन्यांनी काही उपयोग नसतो. '२७ + १५ करताना २७ मध्ये ३ मिळवून ३० केले, मग १२' असं लिहिलं तर पुढे काय द्यायचं ते त्यातूनच कळतं. प्रत्येक मुलाच्या फायलीत सत्राला दहाच कामं, तारीख टाकून, त्यात खाडाखोड असलेली तीन तरी हवीत. आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाची सरकारी नोंद यातूनच भरता येते, वेगळं नाटक लागत नाही. पालकभेट प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे आठ तास, दोन शनिवार.

एक मात्र कोणी लिहिलं नाही. असे वर्ग मुलांमुळे बंद पडत नाहीत, ताई थकतात म्हणून पडतात. मुलं दीडला गेली की अर्धा तास ताटं पुन्हा भरणं, वीस मिनिटं नोंदी, बाकी उद्याची तयारी. तीन-सव्वातीनपर्यंतचा वेळ पगारात धरा. कायद्यातही शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास तयारी धरूनच आहेत. शुक्रवारी दोन तास एकत्र बसणं सोडू नका. आणि दोघींपैकी एकीला ताप आला तर काय, ते आज ठरवा. एकटीने २४ मुलं असा दिवस वेगळा आखून कपाटाला चिकटवून ठेवा: कोपरे तीनच, माती-सुरी बंद, गोष्ट दोनदा.

फेऱ्यांबद्दल एक-दोन ओळी. तांबट गल्लीत आठापेक्षा जास्त मुलं एकदम नेऊ नका, गल्ली अरुंद आणि ठोक्यांच्या आवाजात मागच्यांना काही ऐकू येत नाही. पांडवलेण्यांना २४ लेणी दाखवत बसू नका, एकाच लेण्यात तासभर थांबा, सुतळीने लांबी-रुंदी मोजा, आपल्या वर्गाच्या किती पट ते काढा. नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य डिसेंबर-जानेवारीत, सकाळी लवकर. चार मुलांत एक दुर्बीण लागतेच, नाहीतर एवढे पक्षी असूनही मुलं चिखलच बघतात.

जून उजाडायच्या आत एखाद्या चालत्या शाळेत पूर्ण दिवस बसून या, दाखवायचा तास नाही, पूर्ण दिवस. नाशिकलाच आनंद निकेतन आहे, जमलं तर पुण्याला अक्षरनंदन किंवा फलटणला कमला निंबकर बालभवन. आधी विचारून जा. मुलांकडे कमी बघा, सांध्यांकडे आणि कपाटांकडे जास्त.

पारंबी

शेवटचं विचारतो. हे सातही कोपरे पहिल्या दिवसापासून मांडायचे का?

शाडूमाती

नाही. पहिला आठवडा चारच: चित्र (फक्त तेलखडू), ठोकळे, पुस्तकं, कोडी. प्रत्येकी आठ ठिपके. त्या आठवड्यात शिकवायचं एवढंच: चिमटा लावणं, ताट दोन्ही हातांनी उचलणं, जिथलं तिथे ठेवणं. ताट ठेवायच्या जागेवर फळीवरच त्याचं चित्र चिकटवा. दुसऱ्या सोमवारी वजन-माप, कोरडंच, पाणी नाही. तिसऱ्या सोमवारी जलरंग. माती जुलैच्या मध्यावर, तोपर्यंत बादलीत हात धुवायची सवय लागलेली असते. शिवण ऑगस्टमध्ये, बोथट सुई आणि गोणपाट. सुतारकाम गणपतीनंतर.